वाकिटासाठी सगळे एकत्र आले, मग अडलं कुठे?

मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: मेक्सिकोतला वाकिटा हा जगातला सगळ्यात दुर्मीळ सागरी सस्तन प्राणी. त्याला वाचवायला सरकार, नौदल, शास्त्रज्ञ, पर्यावरण संस्था, उद्योगपती, एक सिनेनटसुद्धा, असे सगळे एकत्र आले. पंचवीस-तीस वर्षं झाली. तरी आज दहाच्या आसपासच उरलेत. मग असं सगळ्यांनी मिळून काम करण्याला खरंच काही अर्थ आहे का?

अर्थ आहे. पण ‘सगळे’ म्हणजे कोण कोण, हे आधी मोजून घ्या. वाकिटासाठी मोठी पंगत बसली, हे खरं. शास्त्रज्ञांचं पान मांडलं, सरकारचं मांडलं, परदेशी संस्थांचं मांडलं. ज्याच्या जाळ्यात हा प्राणी मरतो त्या मासेमाराला मात्र बोलावणं गेलं ते पंगत उठताना.

मी जाळ्यांचा माणूस आहे. अठ्ठावीस वर्षं कोकण किनाऱ्यावर जाळ्यांची बांधणी, आसाचा म्हणजे जाळ्याच्या भोकाचा आकार, नको तो जीव जाळ्यात येणार नाही अशी रचना, हेच काम केलं. मेक्सिकोला मी गेलेलो नाही. पण वाकिटावरचे अहवाल शिकत होतो तेव्हापासून वाचत आलोय, कारण आमच्या धंद्यातली ही सगळ्यात कडू गोष्ट आहे. तेव्हा प्राणिशास्त्रज्ञ सांगेल त्यापेक्षा हे उत्तर जरा जाळ्याच्या बाजूने असेल, ते चालवून घ्या.

आधी प्राणी. वाकिटा म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘छोटी गाय’. दिसायला डॉल्फिनसारखा, पण डॉल्फिन नव्हे. त्याच्या चुलतघराण्यातला, चोच नसलेला पॉरपॉइज. लांबी जेमतेम दीड मीटर, वजन पन्नास किलोच्या आसपास. डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी वर्तुळं आणि ओठांवरही तसाच काळा रंग. राहतो फक्त कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या वरच्या टोकाला, कोलोरॅडो नदी जिथे समुद्राला मिळते त्या गढूळ, उथळ पाण्यात. जगात दुसरीकडे कुठेही नाही. शास्त्राला त्याची ओळख झाली ती १९५८ साली, तीही कवट्यांवरून. अख्खं शरीर अभ्यासायला मिळायला १९८० चं दशक उजाडलं. याच पॉरपॉइज घराण्यातला एक प्राणी आपल्या किनाऱ्यावरही आहे: पाठीवर पर नसलेला, करड्या रंगाचा. जुन्या नोंदींत त्याचं मराठी नाव ‘भुलगा’ असं सापडतं. पावसाळ्यात किनाऱ्याला मेलेला लागला की वर्तमानपत्रं ‘डॉल्फिनचं पिल्लू’ म्हणून छापतात. तर वाकिटा हा आपल्या भुलग्याचा लांबचा भाऊ.

आता जाळं. वाकिटाला कोणी मारत नाही. त्याचं मांस विकलं जात नाही, तेल नाही, कातडं नाही. तो मरतो गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं सोडलेलं नायलॉनचं जाळं. वर बोये, खाली शिसं. मासा डोकं घालतो, कल्ल्यांशी अडकतो, मागे फिरता येत नाही. कोकणात वावरी टाकणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. जाळ्याला मात्र कोण आलं ते कळत नाही. वाकिटा आवाजाच्या लहरी सोडून अंदाज घेतो, पण पाण्यात बारीक नायलॉन त्याला जाणवत नाही, किंवा जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. फुप्फुसाने श्वास घेणारा प्राणी, काही मिनिटांत वर येता आलं नाही की संपला.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर शास्त्रज्ञांनी एल गोल्फो दे सांता क्लारा या एकाच मच्छीमार गावाच्या होड्यांवर बसून हिशेब केला. त्या एका गावाच्या जाळ्यांत वर्षाला ३९ वाकिटा मरत होते. १९९७ च्या गणनेत एकूण संख्या आली ५६७. मादी एका वेळी एकच पिल्लू देते, तेही बहुधा वर्षाआड. फार तर वर्षाला चार टक्क्यांनी कळप वाढू शकतो. ५६७ चे चार टक्के म्हणजे बावीस-तेवीस. जमेला तेवीस आणि खर्चाला एका गावाचे ३९, सान फेलिपे गावाचे वेगळे. पुढे काय होणार, हे १९९७ सालीच कागदावर दिसत होतं. २००८ मध्ये आकडा २४५ वर आला.

याच १९९७ साली मेक्सिको सरकारने वाकिटासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची समिती नेमली. लोरेन्झो रोहास-ब्राचो हे मेक्सिकन शास्त्रज्ञ तिचे सूत्रधार, आणि अमेरिकेच्या बार्बरा टेलर यांच्यासारखी मंडळी सोबत. या समितीने एक काम उत्तम केलं, आणि पुढचं सगळं सहकार्य ज्यावर उभं राहिलं ते तेच काम आहे: भांडण मिटवलं. त्या काळी मासेमार म्हणत, दोष आमचा नाही, अमेरिकेने कोलोरॅडोवर धरणं बांधली, गोडं पाणी आखातात येईनासं झालं म्हणून प्राणी मरतोय. धरणांनी त्या मुखाची वाट लावली हे खोटं नाही. पण समितीने एकेक मुद्दा तपासला. मेलेले वाकिटा उपाशी नव्हते, अंगात विषं साठलेली नव्हती. उरलं काय? जाळं. एकत्र यायचं तर कारण कोणतं यावर आधी एकमत लागतं. नाहीतर प्रत्येक जण आपल्या सोयीच्या कारणाशी लढत बसतो. आपल्याकडेही मासा कमी झाला की पारंपरिकवाला पर्ससीनकडे बोट दाखवतो, पर्ससीनवाला परराज्यातल्या ट्रॉलरकडे आणि ट्रॉलरवाला प्रदूषणाकडे. मेक्सिकोत निदान हा खेळ शास्त्रज्ञांपुरता संपला होता.

दुसरं चांगलं काम ऐकण्याचं. डोळ्यांनी वाकिटा मोजणं जवळजवळ अशक्य: लाजरा, होडीच्या आवाजाने पळणारा, पाण्यावर दोन-तीन सेकंद दिसणारा. पण तो साधारण १३० किलोहर्ट्झच्या वर टिकटिक करतो, आणि त्या आखातात तशी टिकटिक दुसरं कोणी करत नाही. म्हणून २०११ पासून आखातात ४६ ठिकाणी पाण्याखाली ध्वनियंत्रं बसवली. दर उन्हाळ्यात यंत्रं उतरवायची, काही महिन्यांनी काढायची, टिकटिक मोजायची. आर्मांडो हारामियो-लेगोरेता यांनी हे काम वर्षानुवर्षं चालवलं. घट किती वेगाने होतेय हे जगाला कळलं ते या यंत्रांमुळे. यंत्रं उतरवायला आणि काढायला होड्या कोणाच्या? तिथल्याच मासेमारांच्या. हे लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे येतो.

पैसा २००८ पासून ओतला गेला. योजनेत तीन पर्याय होते: परवाना कायमचा परत करा आणि रक्कम घ्या, जाळं बदलून वाकिटाला धोका नसलेलं साधन घ्या, किंवा ठरलेल्या क्षेत्रात मासेमारी न करण्याबद्दल दरवर्षी भाडं घ्या. कागदावर छान. गिलनेटऐवजी कोळंबीसाठी होडीमागे ओढायचं एक छोटं, हलकं ट्रॉल जाळंही मेक्सिकोच्या मत्स्यसंस्थेने तयार केलं. पण नवीन जाळं हाताशी बसायला हंगाम जातात. सुरुवातीला कोळंबी कमी येते, इंधन जास्त जातं. त्यातून शेजारची होडी गिलनेट टाकत असेल तर नवं ट्रॉल तिच्या जाळ्यांत अडकतं. म्हणजे पाचांनी बदललं आणि पन्नासांनी नाही, तर मार बसतो तो पाचांना. जाळं बदलायचं तर गावाने एकदम बदलायचं असतं. हे सरकारी माणसाला पटवून देता देता माझे केस पिकले, मेक्सिकोतल्या माझ्यासारख्या कोणाचे तरी पिकलेच असतील.

आणि मग बोत.

पालघर-डहाणूकडच्या वाचकांना हा शब्द सांगायला नको. माशाच्या पोटातली हवेची पिशवी, म्हणजे बोत. घोळ माशाच्या बोतासाठी व्यापारी कसे बंदरावर उभे असतात ते आपण पाहतो. २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावच्या एका होडीला १५७ घोळ सापडले आणि लिलावात सव्वा कोटीच्या वर रक्कम आली, ती बातमी सगळ्यांनी वाचली. किंमत माशाची नव्हती, बोताची होती. कॅलिफोर्नियाच्या आखातात घोळीच्याच कुळातला एक अवाढव्य मासा आहे: तोतोआबा. दोन मीटर लांब, शंभर किलोपर्यंत, आणि आकाराने जवळजवळ वाकिटाएवढाच. चीनच्या किनाऱ्यावरचा तसाच मोठा मासा जास्त पकडून संपत आला, तेव्हा तिथल्या बाजाराने तोतोआबाच्या बोताकडे मोर्चा वळवला. १९४२ मध्ये तोतोआबाची पकड सव्वादोन हजार टनांवर होती, १९७५ पर्यंत साठ टनांच्याही खाली आली, आणि त्याच वर्षी मेक्सिकोने बंदी घातली. पण २०१० नंतर चोरटी मासेमारी पुन्हा उसळली. बोताला हजारो डॉलर किलोचा भाव. तिकडे त्याला समुद्रातलं कोकेन म्हणतात. अमली पदार्थांच्या टोळ्याही यात उतरल्या, त्यामुळे ते नाव नुसती उपमा राहिलं नाही.

तोतोआबासाठी लागणारं जाळं जाड दोऱ्याचं, मोठ्या आसाचं. वाकिटाचं डोकं अडकायला नेमकं तेवढंच. हंगाम हिवाळा संपता संपता, आणि वाकिटाची पिल्लं जन्मतात ती त्याच सुमाराला. रात्री टाकायचं, पहाटे उचलायचं, नौदलाची बोट दिसली तर दोर कापून पळायचं. मागे राहिलेलं जाळं कोणाचंच नसतं, पण पकडत राहतं. २०१५ मध्ये संख्या साठच्या आसपास होती, २०१६ मध्ये तीस. एका वर्षात निम्मी.

आता त्या पंगतीच्या पानाकडे येतो. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष एन्रिके पेन्या निएतो स्वतः सान फेलिपेला गेले आणि वरच्या आखातात दोन वर्षं गिलनेटबंदी जाहीर केली. सोबत नुकसानभरपाई, दोन वर्षांची मिळून सात कोटी डॉलरच्या घरात. एखाद्या सागरी प्राण्यासाठी मासेमारांना इतकी रक्कम याआधी क्वचितच कोणी दिली असेल. २०१७ मध्ये उद्योगपती कार्लोस स्लिम आणि नट लिओनार्डो डिकॅप्रिओ यांच्या प्रतिष्ठानांबरोबर सरकारने करार केला आणि बंदी कायमची झाली. बातम्या जगभर.

पण ती भरपाई दिली कोणाला? परवानाधारकाला. तिथे फायबरची छोटी, मागे इंजिन लावलेली होडी असते, तिला ‘पांगा’ म्हणतात. (पुढे त्या पांग्यांनी किती पंगे घेतले ते येईलच.) अनेकदा एकेका माणसाच्या नावावर बरेच परवाने असतात आणि प्रत्यक्ष समुद्रात जाणारा दुसराच. परवानाधारकाने आपल्या खलाशांना वाटा द्यावा अशी अपेक्षा होती. काहींनी दिला, कित्येकांनी नाही. ज्याला मिळाला त्यालाही पूर्वीच्या कमाईच्या मानाने तुटपुंजा. म्हणजे बंदीने हात बांधले ते खलाशाचे आणि खातं भरलं ते परवान्याचं. अशा माणसाला रात्री कोणी येऊन सांगितलं, एक फेरी मार, एका बोताचे इतके मिळतील, तर तो काय करेल? त्यातही बंदीतून दोन प्रकारची मासेमारी वगळली होती, म्हणजे गिलनेट होडीत असणं हाच गुन्हा राहिला नाही. कोणतं जाळं कशासाठी, हे समुद्रात कोण तपासणार? पुढे सरकार बदललं आणि भरपाईही बंद पडली. बंदी मात्र कागदावर तशीच.

मला हे वाचताना नवल वाटलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी सिंधुदुर्गात बारीक आसाची जाळी बदलून देण्याच्या एका योजनेत मी होतो. नोंदवहीत नौकामालकांची नावं, पैसा त्यांच्या खात्यात, नवी जाळी त्यांच्या पडवीत. कामावरच्या खलाशांचा कुठे उल्लेखच नाही. वेंगुर्ल्याजवळच्या एका बंदरावर एक म्हातारा तांडेल मला म्हणाला, “साहेबानू, जाळां दितंय मी, पण उद्या सकाळी दर्यात काय घालू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिन्यांनी गेलो तर जुनी जाळी पुन्हा वाळत घातलेली. नवी होती तशीच गुंडाळलेली, वर मांजर झोपलेलं. आज तर आपल्या बंदरांवर नेपाळहून आलेले कितीतरी खलाशी आहेत. कोणत्या नोंदवहीत सापडणार ते? उद्या इथे भरपाईची वेळ आली तर सान फेलिपेचीच गोष्ट घडेल.

२०१७ च्या शरद ऋतूतला प्रयोग मात्र वेगळा सांगायला हवा. वर्षात आकडा निम्मा होतोय, जाळी थांबत नाहीत, म्हणून ठरलं: उरलेले वाकिटा पकडून, तरंगत्या बंदिस्त कुंडात ठेवून, धोका टळेपर्यंत सांभाळायचे. कुंडाचं नाव ‘एल निदो’, म्हणजे घरटं. नऊ देशांतले तज्ज्ञ, पशुवैद्य, पॉरपॉइज सांभाळण्याचा अनुभव असलेली माणसं, शिवाय अमेरिकी नौदलाचे शिकवलेले डॉल्फिन वाकिटा शोधून द्यायला. ‘एकत्र येणं’ म्हणतात ते याहून मोठं मी पाहिलेलं नाही. प्राणिसंग्रहालयवाले आणि प्राणिसंग्रहालयांना विरोध करणारे एका बोटीवर होते. ऑक्टोबरमध्ये पहिलं हाती लागलं ते सहाएक महिन्यांचं पिल्लू. ते फार घाबरलेलं दिसलं म्हणून सोडून दिलं. ४ नोव्हेंबरला एक प्रौढ मादी पकडली. सुरुवातीला ठीक वाटली, मग धडका देऊ लागली, सोडली तर वेड्यासारखी उलटी वळून आली, आणि पशुवैद्यांनी तासन्‌तास झगडूनही हृदय बंद पडून मेली.

त्यांनी काम तिथेच थांबवलं. काहींना हा पळपुटेपणा वाटला. माझं मत उलट आहे. इतका पैसा, इतकी माणसं, जगाचे कॅमेरे, आणि दुसऱ्याच प्रयत्नानंतर ‘हे जमणार नाही’ म्हणायला मोठी छाती लागते. या पथकाने आधीच ठरवून ठेवलं होतं की काय झालं तर थांबायचं. मिळून काम करणाऱ्यांनी सुरू करण्याआधी थांबायचं कधी ते लिहून ठेवावं. ही गोष्ट मी त्यानंतर माझ्या प्रत्येक प्रकल्पात केली.

आणि त्या मृत्यूने एक पळवाट बुजवली. पकडून सांभाळता येत नाही हे सिद्ध झाल्यावर समुद्रातलं जाळं काढणं एवढा एकच रस्ता उरला.

जाळी काढण्याचं काम सी शेफर्ड ही संस्था २०१५ पासून करतेय, मेक्सिकन नौदलाबरोबर. तिची मोठी जहाजं आखातात फिरतात, बेवारस आणि चोरटी जाळी ओढून वर काढतात. २०१६ पासून टाकून दिलेली जाळी शोधायला स्थानिक मासेमारांच्याही होड्या लावल्या गेल्या: दोराला आकडा बांधून तळावरून ओढत न्यायचा, कुठे अडकलं की खूण करायची. कंटाळवाणं, कष्टाचं, आणि खरा उपयोग झालेलं काम. पण जहाजावरच्या माणसाला जे बेकायदेशीर जाळं, ते पांगावरच्याला दोन-चार महिन्यांची मिळकत. कर्ज काढून घेतलेलं. जानेवारी २०१९ मध्ये डझनावारी पांग्यांनी संस्थेच्या जहाजाला घेरून दगडफेक केली, जाळपोळीचा प्रयत्न झाला. २०२० च्या शेवटच्या दिवशी एक पांगा आणि जहाज यांची टक्कर झाली. पांगावरचा एक मासेमार नंतर मेला, आणि सान फेलिपेत लोक रस्त्यावर उतरले. चूक कोणाची यावर दोन बाजूंची दोन म्हणणी आहेत, त्यात मी पडत नाही. मात्र एका प्राण्याला वाचवताना माणूस मेला की त्या गावात त्या प्राण्याचं नाव काढणंही अवघड होतं, हे किनाऱ्यावर काम केलेल्या माणसाला कळतं.

कोर्ट आणि व्यापाराच्या बाजूने झालं त्यावर फार वेळ घालवत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या व्यापार न्यायालयाने वरच्या आखातातल्या गिलनेटने पकडलेल्या मासळीची आयात थांबवली. सांता क्लारा आणि सान फेलिपेची कोळंबी अमेरिकेतच जायची, त्यामुळे दणका बसला. पण तो सरळ मासेमारी करणाऱ्यालाही बसला, आणि बोताच्या चोरट्या धंद्याला अमेरिकेची परवानगी कधी लागतच नव्हती. २०२३ च्या मार्चमध्ये वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराने मेक्सिकोवर निर्बंध घातले, मेक्सिकोने नवा आराखडा दिला, महिन्याभरात ते उठले.

मग ऑगस्ट २०२२. मेक्सिकन नौदलाने समुद्राच्या तळावर काँक्रीटचे १९३ ठोकळे सोडले, प्रत्येकावर सुमारे तीन मीटर उंचीचे लोखंडी आकडे. जागा: शेवटचे वाकिटा जिथे दिसत होते तो ‘शून्य सहनशीलता’ पट्टा, २२५ चौरस किलोमीटरच्या आसपास, बृहन्मुंबईच्या निम्म्याएवढा. गिलनेट टाकलं की आकड्यांत अडकणार आणि फाटणार. एका जाळ्याची किंमत पाहता दोनदा फाटलं की तिसऱ्यांदा तिकडे कोणी फिरकत नाही. त्या पट्ट्यात गिलनेट पाण्यात असण्याचा वेळ नव्वद टक्क्यांहून जास्त घटला.

पंचवीस वर्षांच्या परिषदांना जे जमलं नाही ते काँक्रीटने केलं, असं म्हणायचा मोह होतो. मी तसं म्हणणार नाही. एकतर ठोकळे टाकायचे कुठे, हे ध्वनियंत्रांच्या इतक्या वर्षांच्या नोंदींनीच सांगितलं. आणि आकडा न्याय करत नाही: अडकून राहिलेलं जाळं तिथेच सापळा होऊन बसू शकतं, म्हणून सी शेफर्डची जहाजं फेऱ्या मारून ते तपासत राहतात. शिवाय वाकिटाने पट्ट्याची रेघ वाचलेली नाही. तो बाहेरही जातो. पण एक मात्र शिकण्यासारखं. ठोकळा कोणालाच गुन्हेगार ठरवत नाही. मध्यरात्री बंदुकीसमोर उभं राहून कोणी कोणाचं जाळं ओढत नाही. फुकटचा अपमान वाचला की गावातला राग निम्मा होतो.

“इतके कमी उरल्यावर आता काय उपयोग, आपापसांत प्रजनन होऊन संपतीलच,” असं तुम्ही पुढे लिहिलं आहे. याला २०२२ मध्ये थेट उत्तर मिळालं. जॅकलीन रॉबिन्सन, ख्रिस्तोफर किरियाझिस आणि सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या नमुन्यांतून वाकिटाचा जनुकसंच वाचला. हा प्राणी लाखो वर्षं मुळातच थोड्या संख्येने, काही हजारांतच जगत आला आहे. त्यामुळे घातक दोष आधीच गाळले गेलेत, आणि थोड्यांतून पुन्हा वाढण्याची कुवत त्याच्यात आहे. त्यांच्या गणितानुसार जाळ्यातले मृत्यू पूर्ण थांबले तर पुढच्या पन्नास वर्षांत नामशेष होण्याची शक्यता ६ टक्के. मृत्यू ८० टक्क्यांनी घटले, म्हणजे एरवी ज्याला आपण घवघवीत यश म्हणू, तर ६२ टक्के. हे दोन आकडे कोणत्याही आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत असे आहेत. आमच्या धंद्यात ‘बरंच कमी झालं’ म्हणून समाधान मानायची सवय असते. दहा प्राण्यांच्या हिशेबात ‘बरंच’ चालत नाही.

पाहणीत २०२३ मध्ये १० ते १३ दिसले, २०२४ मध्ये ६ ते ८. पिल्लंही दिसली आहेत. म्हणजे माद्या अजून वितात.

दुसरीकडे बघायचं तर चीनकडे बघा. यांगत्से नदीत भुलग्याचाच सख्खा भाईबंद राहतो, बिनपराचा पॉरपॉइज. त्याच नदीतला बैजी डॉल्फिन २००६ च्या शोधात एकही सापडला नाही. पॉरपॉइजही त्याच वाटेवर होता: २०१७ च्या गणनेत १,०१२. जानेवारी २०२१ पासून चीनने नदीत दहा वर्षांची मासेमारीबंदी लावली, आणि दोन लाखांहून जास्त मासेमारांना दुसऱ्या कामाला लावलं. २०२२ च्या गणनेत १,२४९. सक्ती करणारं सरकार आहे, आपल्याला ती रीत पटो न पटो. पण तिथे होडीवरच्या माणसाच्या उद्याची सोय बंदीबरोबर लावली गेली. आधी बंदी, मग यथावकाश भरपाई, तीही तिसऱ्याच्या खात्यात, असं झालं नाही.

तुम्हाला कोकणात काम करायचंय असं लिहिलंय, म्हणून थोडं इथलं. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या वन आणि मत्स्य विभागांनी मिळून एक योजना सुरू केली: कासव, डॉल्फिन, बहिरी (म्हणजे व्हेल शार्क) असा संरक्षित जीव जाळ्यात आला आणि मासेमाराने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. त्याने मोबाइलवर फोटो-व्हिडिओ काढायचा आणि अर्ज करायचा. रक्कम मोठी नाही, मिळायला वेळ लागतो, त्याबद्दल बंदरावर कुरकुरही ऐकाल. पण बांधणी सरळ आहे. ज्याने जाळं कापलं, त्यालाच पैसे. प्राणी दिसला की लपवण्यापेक्षा सांगण्यात त्याचा फायदा, त्यामुळे कुठे, कधी, कोणत्या जाळ्यात काय येतं याची नोंद आपोआप तयार होते. तुमच्या अभ्यासाला हा खजिना आहे. अर्जांच्या फायली मागा. त्यात जीव कोणता, जाळं कोणतं, आस किती, पाणी किती खोल, हे कोणीतरी एका तक्त्यात मांडलं पाहिजे. मांडताना नोंदीत एक रकाना वाढवा: जाळं ओढणारे किती जण होते आणि भरपाईत त्यांना काय मिळालं. तो रकाना भरायला बंदरावर बसावं लागेल, कार्यालयात नाही.

आणि भुलग्यासाठी ध्वनियंत्रं लावायचा विचार असेल तर सान फेलिपेची पद्धत उचला. तिथे यंत्रं उतरवणारे आणि काढणारे मासेमार होते म्हणालो ना. त्यातले बरेच जण पूर्वी गिलनेट टाकायचे. कोणत्या भांगाला (लहान भरतीला), कोणत्या उधाणाला कुठे पाणी किती ओढतं, तळ कुठे रेताड, कुठे चिखलाचा, हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक. दोराला यंत्र बांधून सोडायचं आणि महिन्यांनी तेच ठिकाण शोधून वर ओढायचं, हे काम जाळं टाकणाऱ्याइतकं चांगलं दुसरं कोण करणार? यंत्र परत आणलं की त्याला दिवसाचे पैसे मिळतात, आणि आतमध्ये टिकटिक सापडली का हे विचारायला तो दुसऱ्या दिवशी स्वतःहून येतो.